पाण्यामागे सरकणारे तंबू

नोकरीची शेवटची काही वर्षं मी लोकांकडून पैसे घेऊन त्यांना उघड्यावर झोपवण्यात घालवली. हे मी पहिल्यांदा आमच्या गावातल्या चहाच्या हॉटेलात बोललो तेव्हा सगळे हसले. त्यातले निम्मे जन्मभर शेतात जागलीला झोपलेले. रात्री कधीतरी लाइट येणार, मोटार चालू करायची, म्हणून गव्हाच्या बांधावर घोंगडं टाकून पडलेले. एकजण म्हणाला, "बागवाले साहेब, आमी इतके वर्सं फुकट झोपलाव, त्याचे पैसे कोन देनार?" मी आपला चहा संपवला आणि उठलो.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, नगरपालिकेत उद्यान पर्यवेक्षक होतो. खरं आडनाव गावात फारसं कोणाला ठाऊक नाही. बागेचा म्हणून बागवाले. ते इतकं चिकटलं, की बायकोलाही लग्नपत्रिकांवर 'सौ. बागवाले' म्हणून आमंत्रणं येतात आणि ती मुकाट्याने जाऊन जेवून येते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बागवाला म्हणजे फुलझाडं. लहान नगरपालिकेत बागवाला म्हणजे झोपाळ्याच्या तुटलेल्या साखळ्या, 'यांच्या स्मरणार्थ' लिहिलेले आणि दुसऱ्याच दिवशी पाय मोडलेले बाक, आणि उद्घाटनापुरतं उडालेलं कारंजं. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला रोप लावायचं तर खड्डा मी खणायचा. दरवर्षी तोच खड्डा, कारण आदल्या वर्षीचं रोप मेच्या उन्हात आटोपलेलं असायचं. बाहेरगावचे लोक आमच्या बागेतली हिरवळ बघून नाक मुरडत. मी म्हणायचो, परभणीच्या उन्हाळ्यात एक ओंजळभर गवत जगवून दाखवा, मग बोलू. एवढ्या वर्षांत मी शिकलो ते इतकंच, की माणसाला बागेत चार गोष्टी लागतात: सावली, प्यायचं पाणी, पाठ टेकायला जागा आणि स्वच्छ संडास. बाकी सगळं फोटोसाठी असतं.

निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना आमच्याकडे नव्या मुख्याधिकारी मॅडम आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. बोलायला कडक आणि ऐकायला तयार. हे दोन्ही एका अधिकाऱ्यात फार कमी सापडतं. त्यांनी आल्या आल्या गावाबाहेरचा तलाव बघितला. तलाव पाटबंधारे खात्याचा. रविवारी लोक आपणहून तिथे जात, भिंतीवर बसून भेळ खात, कागद उडवत आणि संध्याकाळी बाटल्या फोडून परतत. बायकांना बसायला आडोसा नाही, पोरांना खेळायला जागा नाही. मॅडम म्हणाल्या, "बागवाले, तुमची सगळ्यात मोठी बाग इथे आहे आणि तुम्ही तिकडे कुंड्या रंगवताय."

मग भागीदारी ठरली. जागा पाटबंधारे खात्याची. संडास, दिवे, पिण्याचं पाणी आणि झाडलोट नगरपालिकेची. तंबू आणि पाहुणे पुण्याच्या एका कंपनीचे. कंपनीने व्यवस्थापक म्हणून अनिकेत नावाचा एक तरतरीत मुलगा पाठवला. त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की बदली परभणीला झाल्याचं कळल्यावर मित्रांनी त्याचं सांत्वन केलं होतं. मी त्याला आमची जुनी म्हण ऐकवली, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी.' त्याला ती इतकी आवडली, की पुढे कुठलंही काम अडलं की तो स्वतःच म्हणायचा.

आम्ही दसऱ्याच्या सुमारास कामाला लागलो. तलाव काठोकाठ भरलेला. पाण्यापासून पाच पावलांवर दगडी ओटे बांधले, त्यावर तंबू ठोकले, वर गवंड्याकडून पक्के संडास. संडासांना निळा रंग मी स्वतः उभा राहून दिला. दिवाळीच्या सुट्टीत पाहुणे आले आणि तंबूच्या तोंडाशी बसून पाण्यात पाय सोडू लागले. परभणीहून एक निवृत्त अधिकारी आले ते गाडीच्या टपावर स्वतःची लोखंडी खाट बांधून. जमिनीवर पाठ टेकली की त्यांना झोप लागत नसे. सेलूकडून येणारं प्रत्येक कुटुंब देवगाव फाट्यावरून फोन करून विचारायचं, "जेवायला मिळतं का, का डबा बांधून घेऊ?" एका बाईंनी सकाळी माझ्याकडे तक्रार केली, की बेडूक फार ओरडतात, नगरपालिकेने बंदोबस्त करावा. मी म्हणालो, बेडूक पाटबंधारे खात्याकडे येतात. त्यांना ते पटलं.

आणि मग रब्बीचं आवर्तन सुरू झालं. म्हणजे गहू-हरभऱ्यासाठी तलावातून पाटाला पाणी सोडलं. पाणी पाटाला गेलं की तळं आत सरकतं. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत. मला माहीत होतं, पाटबंधारेच्या साहेबांना माहीत होतं, मॅडमनाही कागदावर माहीत होतं. पण रोज जे घडतं त्याचा कोणी विचार करत नाही. खात्याला वाटलं नगरपालिकेने धरलं असेल, आम्हाला वाटलं कंपनीने धरलं असेल आणि कंपनीला वाटलं तळं म्हणजे तळं. संक्रांतीपर्यंत आमचे तळ्याकाठचे तंबू तळं दिसणारे तंबू झाले. होळीपर्यंत तर पाहुणे तंबूतून बाहेर येऊन विचारत, "तळं कुठल्या बाजूला आहे?"

मधल्या जागेत काय होतं? शेत होतं. आमच्याकडे त्याला गाळपेर म्हणतात. पाणी मागे सरकलं की खाली ओला, काळा गाळ उघडा पडतो. त्याला ना नांगर लागतो ना पाणी. बी टाकलं की हरभरा, ज्वारी, काकडी, खरबूज जोमानं येतं. पुन्हा पावसाळ्यात सगळं पाण्याखाली. खातं दर हंगामाला ही जमीन भूमिहीन घरांना कसायला देतं. तलावाच्या अंगाला बौद्ध कुटुंबांची एक वस्ती आहे, आणि चार-दोन घरं मासे धरणाऱ्या भोयांची. तेच लोक ती कसतात.

कंपनीला शेताचं कौतुक नव्हतं. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात पुण्याहून कळवलं गेलं, की तंबूंपुढची जमीन मोकळी ठेवा, पाण्यापर्यंत चालत जायला लाकडी वाट करू, नाहीतर आम्ही तंबू काढून घेतो. बैठक झाली. तंबूंपुढची गाळपेर यंदा कोणाला द्यायची नाही असं ठरत आलं. आता हे वस्तीवर जाऊन कोण सांगणार? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी गेलो. तंबूंपुढची जमीन मुख्यतः कलावतीबाईंच्या घराकडे असायची. कलावतीबाई माझ्याच वयाच्या, नवरा वारलेला. घरात मुलगा सिद्धार्थ, सून प्रज्ञा आणि चार-पाच वर्षांचा नातू सम्यक. मी पोचलो तेव्हा ओसरीवर एक पांढऱ्या कपड्यातला माणूस चहा पीत होता. ऊसतोडीचा मुकादम. दसऱ्याच्या आधी हे लोक गावोगाव फिरतात, उचल म्हणून आगाऊ पैसे देतात आणि दिवाळी झाली की टोळी गाडीत घालून कारखान्याला नेतात. मला बघून तो उठला आणि "परवा येतो, ठरवून ठिवा," म्हणून निघून गेला. शेजारचे गंगाराम भोई जाळं विणत बसले होते, ते मात्र बसून राहिले.

"जय भीम, साहेब. या," कलावतीबाई म्हणाल्या. "कसं येनं केलाव?"

मी सरकारी माणूस. आधी पावसाचं बोललो, मग डासांचं. मग एकदम सांगून टाकलं, की तंबूंपुढची गाळपेर यंदा बंद व्हायची लक्षणं आहेत.

त्या भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. आत चुलीपाशी प्रज्ञा भाकरी थापत होती. तिच्याकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"सुनेला सहावा लागलाय, साहेब. मपला पैला नातू फडात झाला. कोपीत. अंथरायला पाचट, वरून थंडी. दवाखाना कुटं ते ठावं न्हाई, गाडी कोनाची बोलवावी ते ठावं न्हाई. मीच केलं सगळं. सून वाचली, लेकरू वाचलं. दुसऱ्या दिशी ऊस सरला आन टोळी फुडं. वल्या बाळंतिनीला गाडीत टाकून नेली आमी. औंदा तसं नको. गाळपेर असली तर आमी ऱ्हाताव. हरबरा घरात येतो, काकडी बाजारात जाती, भागतंय. नसली तर कोयता हायच."

कोपी म्हणजे उसाच्या फडात पाचटाची, वाळल्या पाल्याची बांधलेली झोपडी. माणूस वाकूनच आत शिरतो. मी त्या बघितल्या होत्या, पण तिथे कोणी बाळंत होत असेल हे कधी मनात आलं नव्हतं.

जाळ्यातून मान वर न करता गंगाराम म्हणाले, "ओ साहेब, त्या कंपनीला बी एक पट्टी द्या की मंग. धरूद्या दोरी, चिखलात हुबं ऱ्हाऊन. आमी काय न्हाई म्हनलाव का?"

सगळे हसले. प्रज्ञाही आतून हसली. मीही हसलो आणि हसता हसता थांबलो.

ते दोरीचं सांगायला हवं. खातं जमीन देतं ती एकत्र. घराघरांत वाटणी हे लोक आपसांत करतात. पाणी हलायला लागलं की एक दिवस ठरतो. भरल्या तळ्याच्या रेषेवर खुंट्या ठोकतात, खुंटीला दोरी बांधतात आणि दोरीचं दुसरं टोक धरून ज्याची पट्टी तो माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहतो. दोन दोऱ्यांच्या मधली जमीन एका घराची. पाणी जसं आत जाईल तशी पट्टी लांबत जाते. वरची जमीन आधी मिळते पण लवकर वाळते, खालची उशिरा मिळते पण ओल धरते. आडव्या वाटण्या केल्या तर एकाचं भलं आणि एकाचं वाटोळं. उभ्या केल्या की सगळ्यांना दोन्ही. नियम दोनच. पाण्यात स्वतः उभं राहायचं, गडी पाठवायचा नाही. आणि मिळालेली पट्टी पडीक ठेवायची नाही.

गंगाराम थट्टा करत होते. पण मला दिसलं, की कंपनीलाही अशीच एक उभी पट्टी मिळाली, भरल्या रेषेपासून पाण्यापर्यंत, तर तंबू पाण्यामागे सरकत नेता येतील. ओट्यांना धरून बसायला कोणी सांगितलंय? लाकडी वाट नको आणि कोणाचं शेतही उठवायला नको. फक्त प्रत्येकाची पट्टी थोडी अरुंद होईल. मी हे बोलून दाखवलं. गंगारामनी जाळं खाली ठेवलं.

"म्या मजाक केली, साहेब."

"मला ठाऊक आहे," मी म्हणालो. "पण चालेल का?"

"आमाला चालंल. धा घरांनी चार-चार हात सोडलं तर कोनी मरत न्हाई. तुमच्या वरच्यास्नी चालंल का?"

कलावतीबाई मात्र वेगळंच विचारत होत्या. "वाटनी व्हनार दिवाळी झाल्यावर, पानी हाललं की. मुकादम येनार परवा. त्याला मी काय सांगू? थांबू का जाऊ?"

वाचकहो, एवढ्या नोकरीत मला असा सरळ प्रश्न कोणी विचारला नव्हता. अशा वेळी आमच्याकडे ठरलेली उत्तरं असतात. बघू. वर कळवतो. फाईल फिरतेय. ती सगळी माझ्या तोंडाशी आली. आणि मी म्हणालो, "थांबा."

परतताना मोटारसायकल चालवायचं भान नव्हतं. तलाव माझा नाही, तंबू माझे नाहीत, जमीन माझी नाही, आणि मी एका घराचं वर्ष अडकवून आलो होतो. तिसऱ्या दिवशी मुकादम आला. सिद्धार्थने त्याला नाही सांगितलं. मुकादमाने ती उचल पेडगावकडच्या एका जोडप्याला दिली. म्हणजे तो दरवाजाही बंद झाला.

मी मॅडमसमोर उभा राहिलो. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "तुमच्या अखत्यारीत काय काय येतं, बागवाले?"

"झोपाळे, बाक आणि कुंड्या, मॅडम."

"मग शब्द कशाच्या जोरावर दिलात?"

"सून अवघडलेली आहे," मी म्हणालो. याहून शहाणपणाचं काही सुचलं नाही.

त्यांनी एक कोरा कागद पुढे ओढला. मला वाटलं आता नोटीस. मग त्या म्हणाल्या, "ते दोरीचं पुन्हा एकदा सांगा. सावकाश."

पाटबंधारेच्या उपअभियंत्यांना हरकत नव्हती. इतरांना देतो तशी एका हंगामाची परवानगी कंपनीला देऊ म्हणाले. अनिकेत आधी कुरकुरला. तंबू पुन्हा पुन्हा उपटायचे म्हणजे माणसं लागणार. पण लाकडी वाटेचा खर्च वाचतो हे पुण्याला आवडलं, आणि पाण्यामागे चालत जाणारे तंबू आणखी कुठेच नाहीत हे त्याला स्वतःला आवडलं. मी मनात म्हणालो, सुटलो.

तेव्हा परतीचा पाऊस आला.

दिवाळी झाली, गाड्या लागल्या, टोळ्या गेल्या, वस्ती निम्मी रिकामी झाली, आणि पाऊस पडतच राहिला. तलाव सांडव्यावरून वाहायला लागला. शेतात ओल, त्यामुळे पाटाला पाणी कोणी मागेना. पाणी सोडायचंच नाही तर तळं हलणार कसं? आणि तळं हललं नाही तर गाळ उघडा पडणार कसा? मी रोज सकाळी जाऊन बघायचो. पाणी ओट्यांना लागलेलं. पाहुणे खूश, अनिकेत खूश, गाव खूश. तुडुंब तलाव बघून धास्तावणारा मराठवाड्यातला मी एकटाच असेन. कोणाला सांगायचीही सोय नव्हती. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "धरणाचं दार काय तुमच्या हातात आहे का? जेवा."

कलावतीबाईंना मी तंबूवर भाकऱ्या करायचं काम दिलं, सिद्धार्थला राखणीचं. त्यावर जेमतेम निभत होतं. खाटवाले अधिकारी पुन्हा आले होते. त्यांनी पिठलं-भाकरी आणि ठेचा खाल्ला आणि मुक्काम एका दिवसाने वाढवला. पाहुण्यांना वाटायचं बाई किती हसतमुख आहेत. त्या भाकरी उलटता उलटता पाण्याकडे बघायच्या ते मला दिसायचं.

एक दिवस त्यांनी विचारलंच. "पानी का हालंना ओ, साहेब?"

"हालेल," मी म्हणालो.

"व्हय. तुमी थांबा म्हनलाव, म्हनून थांबलाव."

त्या आवाजात राग नव्हता. होता तो विश्वास, आणि त्यानेच मी जास्त हैराण झालो. त्या आठवड्यात मी नृसिंहाला पोखर्णीला जाऊन आलो. तलाव कमी व्हावा म्हणून नवस बोलायची लाज वाटली, तेव्हा देवापुढे नुसता हात जोडून उभा राहिलो. त्याला काय समजायचं ते समजलं असेल.

अखेर ऊन पडलं, वारं सुटलं, जमिनी सुकल्या आणि शेतकऱ्यांनी पाणी मागितलं. पाट सुटला. दोन-तीन दिवसांतच ओट्यांखाली चिखलाची काळी कड दिसली. ती बघून मला जे वाटलं ते कुठल्याही बागेच्या उद्घाटनाला वाटलं नव्हतं.

वाटपाच्या दिवशी सगळी वस्ती जमली. खुंट्या ठोकल्या, दोऱ्या बांधल्या. कंपनीच्या पट्टीची पाळी आली तसा अनिकेत दोरी घेऊन उतरला, तो बुटांसकट. चार पावलं गेला आणि एक पाय वर आला तो मोज्यासकट. बूट आतच राहिला.

गंगाराम गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "कंपनीनं बूट पेरलाय. उगवतोय का बगू."

हसून हसून लोकांच्या हातातल्या दोऱ्या ढिल्या पडल्या. मॅडम काठावर उभ्या होत्या. त्यांनी चपला काढल्या, सलवार दुमडली आणि त्या पाण्यात शिरल्या. दोरीचं टोक अनिकेतच्या हातून घेत म्हणाल्या, "भागीदारी आहे ना? मग एकट्या कंपनीने का बुडायचं?" त्या गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या, दोरी ताणून, वाटप संपेपर्यंत. त्यांच्या एका बाजूला गंगाराम, दुसऱ्या बाजूला कलावतीबाई. एका म्हातारीने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "ही कोनाची सून हाय ओ?" मी म्हणालो, नगरपालिकेची.

पडीक ठेवायची नाही या नियमामुळे आमच्या पट्टीतही पेरावं लागलं. ते कलावतीबाईंनाच अर्धलीने, म्हणजे निम्म्या पिकाच्या वाट्यावर दिलं. वर काकडी, काकडीच्या खाली तंबू, त्याखाली पाणी. तळं सरकलं की आम्ही तंबू उपटून खाली न्यायचो. त्या दिवशी पाहुणेसुद्धा खांब धरायला यायचे, लहान मुलं दोऱ्या ओढायची, आणि जाताना माणसं सांगायची की सगळ्यात मजा तंबू हलवायला आली. संडास तेवढे वरच राहिले. ते दरवेळी लांब पडत गेले आणि त्याबद्दल मी खूप बोलणी खाल्ली. माझ्याच तत्त्वाने मला पकडलं होतं. आमच्या पक्क्या दगडी ओट्यांवर आता वस्तीवरच्या शेळ्या दुपारच्या बसतात. तेवढ्या खर्चात गावातल्या बागेत चार नवे झोपाळे आले असते, ही खंत मला आहे.

हे सगळं कायमचं मार्गी लागलं असं मात्र समजू नका. एखाद्या वर्षी पाऊस येत नाही, तळंच नसतं, मग गाळपेरही नसते आणि पाहुणेही नसतात. मॅडमची बदली झाली, मी निवृत्त झालो. वस्तीतली निम्मी घरं अजूनही दिवाळीनंतर कुलपात असतात. तलावाने दहा घरं धरून ठेवली, सगळी नाही. मी जे केलं ते एवढंच, आणि तेही एका म्हाताऱ्याच्या थट्टेवर.

पण त्या वर्षीचं राहिलंच. आम्ही तंबू हलवत होतो. कलावतीबाई पीठ मळत होत्या. सिद्धार्थ धावत आला. त्यांनी पिठाचे हात तसेच पदराला पुसले आणि निघाल्या. अनिकेतने जीप काढली. गावातला सरकारी दवाखाना तिथून जवळ, रस्ता चांगला, डॉक्टरीणबाई जागेवर. पाहुण्यांसाठी भाकऱ्या मी केल्या. त्या कशा झाल्या ते विचारू नका. पाहुणे सभ्य होते. दुपारी सिद्धार्थचा फोन आला, मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत. मी तंबूआड जाऊन डोळे पुसले. अनिकेत तिथे आधीच उभा होता.

नामकरण पट्टीतच करायचं असा कलावतीबाईंचा हट्ट होता. हरभरा घाट्यांवर आलेला. काकडीच्या वेलांशेजारी सतरंज्या टाकल्या. त्रिशरण-पंचशील झालं, पाळणा म्हटला, मुलीचं नाव मैत्री ठेवलं. मॅडम आल्या होत्या. त्या दिवशी तंबूत उतरलेली सेलूची दोन कुटुंबंही सतरंजीवर येऊन बसली आणि त्यांच्या बायकांनी बाळाच्या हातात नोटा कोंबल्या. गंगारामनी पाळण्याला स्वतः विणलेली झालर लावली होती, जाळ्याच्याच दोऱ्याची.

जेवणं झाल्यावर आम्ही हरभरा खात बसलो होतो. सम्यक पाळण्याच्या दोरीला लोंबकळत होता. त्याने विचारलं, "आज्जे, ही कुटं झाली?"

कलावतीबाईंनी गावाकडे हात केला. पाण्याची टाकी तिथून स्वच्छ दिसते. "ती टाकी दिसती का? तिच्या बाजूला दवाखाना हाय. तितं."

त्याने टाकी नीट बघून घेतली. मग म्हणाला, "आन मी?"

प्रज्ञाने मान खाली घातली. सिद्धार्थ हातातला घाटा उगाच सोलत राहिला. तो जन्मला त्या गावाचं नाव त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. एक फड होता, दुसऱ्या दिवशी तो तुटून संपला, इतकंच.

कलावतीबाईंनी त्याला जवळ ओढून मांडीवर घेतलं आणि त्याच्या हातावर हरभऱ्याचे सोललेले दाणे ठेवले.

"तू बी हितलाच हाईस," त्या म्हणाल्या. "तुला पोचायला जरा उशीर झाला, येवढंच."